इस्त्रीसाहेबांचं निवेदन

परराष्ट्र खात्यात त्यांना सगळे 'इस्त्रीसाहेब' म्हणत. दोस्त राष्ट्राशी खटका उडाला की संयुक्त निवेदनाचा मसुदा त्यांच्याकडे येई, आणि संध्याकाळपर्यंत त्यात एक सुरकुती उरत नसे. मी त्यांची टायपिस्ट. तोंडावर सांगायचे, "साहेब, तुम्ही भूकंपालाही 'किंचित हालचाल' म्हणाल."

"दोन्ही देश अजून एका टेबलाशी बसतात ना? मग झालं," ते म्हणत.

त्या मंगळवारी दोस्तांच्या विमानांनी चुकून आमच्याच पुलावर बॉम्ब टाकले. एकतीस जवान गेले. आमचे सेनापती युती मोडायला निघाले. युती मोडली तर आठवड्यात शहर पडणार, हे ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक होतं. दोस्तांच्या दूतावासातला सचिव मान खाली घालून आमच्यासमोर बसला होता. बरीच ओढाताण होऊन निवेदनाचे शब्द ठरले: जवान गेले 'शत्रूच्या माऱ्यात'. मग मृतांची यादी आली. साहेबांचं बोट सतराव्या नावावर थांबलं. त्यांचा थोरला मुलगा.

सचिवाने पेन खाली ठेवलं. "आज राहू द्या."

"उद्यापर्यंत युती राहील?" साहेबांनी विचारलं. त्याने पेन पुन्हा उचललं. तेव्हा ते मला म्हणाले, "कर टाइप."

मी केलं. त्यांचा इतका राग आला होता की दोन कागद फाडले.

दुपारी त्यांना एकटं सोडवेना, म्हणून घरापर्यंत गेले. बातमी आधीच पोचली होती; त्यांच्या पत्नीने, काकूंनी, एवढंच विचारलं, "कसा गेला?"

"शत्रूच्या माऱ्यात."

काकू माझ्याकडे वळल्या. "तू तिथेच असतेस. खरं सांग गं."

मीही तेच सांगितलं. त्याची लाज मला आजही वाटते.

एकोणीस वर्षांची धाकटी लेक भिंतीला टेकून ऐकत होती. ती आत गेली आणि पिशवी भरू लागली. "भरती पाचपर्यंत चालू असते, बाबा. दादाला ज्यांनी मारलं त्यांना मी सोडणार नाही."

काकूंनी साहेबांचा हात धरला. "अहो, जन्मभर लोकांच्या समजुती काढल्यात. आता हिची काढा."

खरं काय ते सांगितलं असतं, तर पोरगी तिथेच थांबली असती. साहेबांनी तोंड उघडलं. युती गेली खड्ड्यात, बोला एकदाचं, असं मला ओरडावंसं वाटलं.

"स्वेटर घे," ते म्हणाले. "तिकडे थंडी असते."