लिटरचं पितळी माप

सुनीतीबाई बर्व्यांच्या वर्गात 'अंदाजे' हा शब्द शिवीसारखा होता. खिदिरपूरच्या बाजूला मुलींच्या एका हिंदी शाळेत त्या गणित शिकवत, आणि मेट्रिक मापांचा धडा आला की बाईंच्या अंगातच यायचं. "दहा मिलिलिटर म्हणजे?" "एक सेंटिलिटर!" "दहा सेंटिलिटर?" "एक डेसिलिटर!" ही वरात लिटरवरून थेट किलोलिटरपर्यंत वाजतगाजत जायची. मध्येच एखादी बिचारी "पाऊण लिटर म्हणजे अंदाजे सातशे" असं बोलून गेली, की पट्टी टेबलावर आपटलीच. "अंदाजपंचे दाहोदरसे करायला हा बाजार आहे का? सातशे पन्नास! मिलिलिटर चुकलं की सगळंच चुकलं." मुली घाबरत, पाठ करत आणि पास होत. बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुलीचं माप चुकणार नाही, असं शाळेत म्हणत. बाईंनाही ते खरं वाटे.

आता या बाईंच्या घरी काय होतं ते ऐका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दिगंबर बर्वे केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात होते. दोन वर्षांसाठी म्हणून पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली आणि बेहालातल्या भाड्याच्या घरात दहा वर्षं कधी उलटली ते कळलंही नाही. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. सासूबाई होत्या तोवर घरात गुहागर नांदत होतं, आणि त्या गेल्यावर गुहागरचं म्हणून एकच भांडं उरलं: पितळेचं, सरळ उभं, काठाला जाड कडं असलेलं शेराचं माप. तांदूळ त्यानेच मोजायचे, आमटीचं पाणी त्यानेच, खिरीचं दूधही त्यानेच.

दुकानांतून शेर जाऊन लिटर आलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "सुनीती, हे लिटर म्हणजे गो किती?" बाई त्या वेळी सहामाहीचे पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शेराएवढंच. कणभर जास्त." पुस्तकात तसंच छापलं होतं आणि पुस्तक चूक नव्हतं. फक्त पुस्तकातला शेर होता ऐंशी तोळ्यांचा, पक्का. गुहागरच्या वाण्याकडचा कच्चा, म्हणजे त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण सासूबाईंना सुनेच्या शिक्षणाचा भारी अभिमान. त्या दिवसापासून त्यांनी मापाचं नावच बदलून टाकलं. "ते लिटर दे गो इकडे," म्हणू लागल्या. त्या गेल्या, नाव राहिलं.

वर्षानुवर्षं हे उघडकीला कसं आलं नाही? अहो, यायचं कसं? एका मापाला दोन मापं पाणी घातलं की भात होतोच, माप केवढंही असो. तांदूळही त्यानेच मोजलेले आणि पाणीही त्यानेच. चुकीचं माप घरातल्या घरात कधी पकडलं जात नाही. बाहेरून काही यावं लागतं.

एकदा आलंही होतं. खालच्या मजल्यावरच्या मीनाक्षीने बाईंकडून शेवयांची खीर शिकून घेतली. एक लिटर दुधाला दोन मुठी शेवया, असं बाईंनी सांगितलं. मीनाक्षीने सरकारी दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या, चांदीच्या रंगाची टोपणं सोलली आणि खीर केली. ती झाली नुसतं पाणी. "माशीमा, तुमच्यासारखी होत नाही," ती हिरमुसून म्हणाली. बाईंना ती माशीमा म्हणे, म्हणजे मावशी. बाई हसल्या. "अगं, तुमच्या कलकत्त्याच्या दुधातच पाणी!" तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

मीनाक्षी बावीस-तेवीस वर्षांची. नवरा श्यामसुंदर दुर्गापूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी. एकाहत्तर साली तिचा बुबाई नऊ महिन्यांचा होता. गोरा नाही, गुटगुटीत नाही, पण हसरा इतका की बाई शाळेतून आल्या की चप्पल काढण्याआधी त्याला उचलत. वर्गात ज्यांच्या पट्टीचा आवाज जिन्यापर्यंत जायचा, त्या बाई याच्यापुढे बोबडं मराठी बोलत.

ते वर्षच वाईट होतं. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येत होते, त्यांच्या छावण्यांत पटकीची साथ होती. इकडे गल्लीत भिंती घोषणांनी काळ्या झाल्या होत्या. संध्याकाळी बाँबचा आवाज झाला की लोक खिडक्या लावून घेत आणि सकाळी एखादं प्रेत तरंगत असेल म्हणून तळ्याकडे पाहणं टाळत. केव्हाही शिपायांच्या गाड्या येऊन सगळ्या वस्तीला वेढा घालत. मग तासन् तास कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जयप्रकाश छावण्यांत औषधपाणी करायला जात. एके दिवशी त्यांनी बाईंच्या हातात प्लास्टिकच्या काही पुड्या ठेवल्या. मीठ, सोडा आणि साखरेसारखं काहीतरी. "जुलाबात माणूस पाणी संपून मरतो, मॅडम. ही पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची आणि चमच्याचमच्याने पाजायची. पण पाणी बरोबर एक लिटर. थोडं जास्त झालं तर एकवेळ चालेल. कमी झालं तर हेच मीठ विष होईल, लहान मुलाला तर फारच." मग हसून म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडे ठेवतोय. या घरात माप चुकणार नाही."

बाईंनी पुड्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. आपल्यावर टाकलेल्या विश्वासाने त्यांना बरं वाटलं.

श्रावणातली ती सकाळ. दिगंबरराव कचेरीत गेले, डॉक्टर आदल्या दिवसापासून छावणीतच होते. मीनाक्षी पायऱ्या चढून धापा टाकत आली. "माशीमा, बुबाईला पहाटेपासून पाण्यासारखं होतंय. डोळे बघा ना त्याचे." डोळे खोल गेले होते. बाईंचा आवाज मात्र वर्गातलाच लागला. "घाबरायचं नाही. औषध आहे आपल्याकडे." पाणी उकळलं, गार केलं. पितळी माप काठोकाठ भरलं, डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहिलं, एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. एवढी काळजी घेतली बाईंनी! पातेल्यात ओतून पुडी विरघळवली आणि पातेलं खाली नेलं.

मीनाक्षीने बोट बुडवून चाखलं. "माशीमा, फारच खारट लागतंय हो."

"औषध आहे ते, सरबत नव्हे," बाई म्हणाल्या.

बुबाई अधाशासारखा प्यायला. चमचा दूर केला की किंचाळायचा. "बघ, पितोय. पितोय म्हणजे चांगलं लक्षण," बाई म्हणाल्या. ओठ ओले होत आणि पुन्हा वाळत. जितकं पाजावं तितकी त्याची तहान वाढत होती. अंग तापलं. रडणं बारीक आणि चिरकं झालं, त्याचं नव्हेच असं. मीनाक्षी बाईंच्या तोंडाकडे पाहत होती आणि बाई पातेल्यात किती उरलं ते पाहत होत्या. "दुसरं करून आणते. हे संपेपर्यंत देत राहा," असं म्हणून त्या वर आल्या, आणि तेवढ्यात गल्लीच्या दोन्ही तोंडांना गाड्या थांबल्याचा आवाज आला.

वेढा. शिट्ट्या, बुटांचे आवाज, भोंग्यावरून हुकूम: आपापल्या घरातच राहा. एक शिपाई बंदूक घेऊन जिन्याच्या मधल्या वळणावर येऊन उभा राहिला.

बाईंनी विचार केला, सारखं वरखाली करू देणार नाहीत. एकदाच विनवणी करून खाली जाऊ आणि भरपूर ठेवून येऊ. उघडं पातेलं या गडबडीत कसं न्यायचं? मोरीत दुधाच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या. बऱ्या सापडल्या. एक लिटर पाणी, दोन बाटल्यांत बरोबर मावणार. हा हिशेब तर पाचवीतल्या मुलीचा. त्यांनी माप भरलं, पुडी या वेळी मापातच विरघळवली आणि पहिल्या बाटलीत ओतायला घेतलं.

बाटली गळ्याच्या थोडी खाली भरली आणि माप रिकामं झालं.

बाईंना वाटलं, सांडलं. त्यांनी ओटा पाहिला. ओटा कोरडा होता. मापात वाकून पाहिलं, तळाला नुसती ओल. दुसरी बाटली बाजूला तशीच, कोरडी ठाक. त्यांनी माप साध्या पाण्याने पुन्हा भरलं आणि दुसरीत ओतलं. तीही गळ्याच्या खाली भरली आणि माप रिकामं. म्हणजे दोन मापं. दोन मापं म्हणजे एक लिटर. हे माप म्हणजे अर्धं. शेवयांची पातळ खीर आठवली. "फारच खारट लागतंय हो" आठवलं. खाली चमचा अजून चालूच असणार.

बाई धावल्या. शिपायाने बंदूक आडवी धरली. "अंदर जाइए." त्या खाली वाकून ओरडल्या, "मीनाक्षी! देऊ नकोस! ओतून टाक ते!" बुटांच्या आणि शिट्ट्यांच्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? "बच्चा मर रहा है," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात ज्यांनी कधी रांग मोडली नाही त्या बाई बंदुकीखालून वाकून निघून गेल्या. शिपायाने गोळी झाडली नाही. त्यालाही घरी कुणी असेल.

पातेलं रिकामं होतं. बुबाईची मान मागे पडली होती, डावा हात आणि पाय आपोआप झटके देत होते. मीनाक्षीच्या हातात अजून चमचा होता. "सगळं पाजलं, माशीमा," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसं."

मागोमाग आलेल्या शिपायाने मूल पाहिलं आणि अधिकाऱ्याला हाक मारली. त्यांच्याच जीपने इस्पितळ गाठलं. तिथला तरुण डॉक्टर घाईत होता, सगळे वऱ्हांडे पटकीच्या रोग्यांनी भरलेले. त्याने पोराकडे एक नजर टाकली आणि नर्सला म्हणाला, "जुलाब. सलाइन लाव, जोरात सोड."

बाईंनी त्याची बाही धरली. इथे गप्प राहिल्या असत्या तर कुणालाही काही कळलं नसतं. पटकीच्या वर्षात एक मूल गेलं, एवढंच लोक म्हणाले असते. मीनाक्षीने उलट पाया पडून आभार मानले असते. ते सगळं त्यांना त्या क्षणी दिसलं.

"पुडी दिलीय त्याला," बाई म्हणाल्या. "एक लिटरची पुडी मी अर्ध्या लिटरमध्ये दिली. मीठ दुप्पट गेलंय. माप माझं चुकलं."

डॉक्टरने मान वर केली. "थांब," तो नर्सला म्हणाला, "ते नको, त्यातही मीठच आहे. हळू द्यायला लागेल, आणि दुसरं द्यायला लागेल." मग तो कामाला लागला. मीनाक्षीने सगळं ऐकलं होतं. बाईंच्या खांद्यावर बुबाईचं दुपटं होतं, ते तिने ओढून घेतलं आणि पाठ फिरवली.

बुबाई वाचला. बाईंनी खरं सांगितलं म्हणून वाचला, असं डॉक्टर जयप्रकाश नंतर म्हणाले. पण तो दीड वर्षाचा झाला तरी बसेना, तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. त्या दिवसाच्या मिठामुळे की तापामुळे की जन्मतःच तसा, हे कुणीच ठामपणे सांगू शकलं नाही. ज्या बाईंना 'अंदाजे' चालत नसे, त्यांना उरलेलं आयुष्य या अंदाजावर काढायचं होतं. मीनाक्षी जिन्यात भेटली की भिंतीकडे बघे. दिगंबररावांनी ते माप मोडीत घालू म्हटलं. बाईंनी घालू दिलं नाही. समोरच्या फळीवर, रोज दिसेल असं ठेवलं. शाळेत धडा शिकवायच्या, पण पट्टी परत कधी आपटली नाही.

बुबाई सहा वर्षांचा झाला तेव्हा मीनाक्षी दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुलाला तिने पुढे ढकललं. "कुठलीच शाळा घेत नाही याला," ती म्हणाली. "तुम्ही शिकवा." ही शिक्षा होती की विश्वास, बाईंनी विचारलं नाही. त्यांनी बुबाईचा हात धरून त्याला आत घेतलं.

तेव्हापासून रोज दुपारी तो येतो. बाईंना दिदा, म्हणजे आजी, म्हणतो. अक्षरं लक्षात राहत नाहीत, आकडे राहत नाहीत, पण पाणी त्याला फार आवडतं. म्हणून बाईंनी त्याच जुन्या दोन बाटल्या काढल्या. दोन्ही पाण्याने भरून त्याच्यासमोर ठेवल्या. "हे अर्धं लिटर. हेही अर्धं लिटर. दोन्ही मिळून?" बुबाई हसतो. उद्या परत विचारायचं.

एके दिवशी मात्र तो आपणहून उठला. स्टुलावर चढून फळीवरचं पितळी माप काढलं आणि जमिनीवर ठेवलं. बाई नको म्हणेपर्यंत त्याने एक बाटली त्यात ओतलीसुद्धा. माप काठोकाठ भरलं. मग त्याने दुसरी बाटली उचलली, मापावर धरली आणि थांबला. मापाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"दिदा, हे कुठे ओतू?"

डावा हात थरथरत होता, पण बाटली दोन्ही हातांत घट्ट धरून तो वाट बघत उभा राहिला.