धुऱ्यापलीकडचं पाणी

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यानंतरचा पहिला रविवार. रक्कम चार लाख ऐंशी हजार रुपये. हजर माणसं चार – मी, माझी बायको सुनंदा, चिखलीहून आलेले इंजिनिअर आणि रशीदभाई मिस्त्री. आमच्या घराची मागची खोली पाडायची, खालची काळी माती उपसायची, मुरूम भरायचा आणि खोली पुन्हा बांधायची, याचा इंजिनिअर साहेबांनी सांगितलेला तो आकडा.

मी एका शाळेत लिपिक आहे, हिशेब बघतो. ताळा जुळला नाही तर कुठेतरी चूक असते, भूत नसतं – एवढंच आजवर शिकलो. या सदरातले अनुभव मी चहासोबत वाचतो आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा हसतो. त्यामुळे माझं वाचून कोणी हसलं तर राग नाही. जे मोजलं आणि जे ऐकलं तेवढंच लिहितो.

आमचं घर अमडापूरच्या बाहेर, नवीन लेआउटमध्ये आहे. इकडे जुनी माणसं म्हणतात – राहायचं पांढरीत, पेरायचं काळीत. पांढरी म्हणजे गावाची जागा, काळी म्हणजे शेताची. आम्ही काळीत बांधलं. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि वैशाखात वावरातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. हे बांधतानाच माहीत होतं. म्हणून पाया पाच फूट खाली नेला आणि वाटलं, पुरे झालं.

तिसऱ्या उन्हाळ्यात बैठकीच्या फरशीला भेग पडली. मागच्या खोलीच्या दाराच्या अलीकडे दोन हातांवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जराशी तिरपी. दोरी लावून आखावी तशी सरळ. मग ती दोन्ही बाजूंनी भिंतींवर चढली. तिच्यापलीकडचा भाग, म्हणजे मागची खोली, खचत होता.

आता ही मागची खोली काय आहे ते सांगायला हवं. तिथे सुनंदाचा शिवणक्लास चालतो. एका मशीनपासून सुरुवात करून तिने आठ मशीन जमवल्या. गावातल्या कित्येक पोरींच्या हाताला तिने काम दिलं.

"पावसाळ्याआधी ठरवा," इंजिनिअर म्हणाले. "पहिल्या मोठ्या पावसात ती मागची भिंत काय करेल, मी सांगू शकत नाही. तोवर मुलींना त्या खोलीत बसवू नका."

"मंग कुठं बसवू, साहेब? यांच्या डोक्यावर?" सुनंदाने माझ्याकडे बोट दाखवलं.

ती हसली, पण रात्री जेवली नाही. खोली पाडली तर वर्षभर क्लास बंद. वर्षभर बंद म्हणजे पोरी चिखलीच्या क्लासला जाणार, त्या परत येत नाहीत. न पाडावी, तर एखाद्या पोरीच्या अंगावर भिंत... हा विचार मला पुरा करवत नव्हता.

आता मूळ गोष्ट. त्याच रविवारी खोली नेमकी किती खचली ते मोजायचं होतं. इंजिनिअर साहेबांनी लेसर लावला. लाल रेघ बैठकीतल्या भिंतीवरून दारातून थेट मागच्या खोलीच्या भिंतीवर गेली; दोन्हीकडे तिच्यावर पेन्सिलने खुणा केल्या. रेघेपासून खाली फरशीपर्यंत मोजलं – मागची खोली सहा सूत खाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

रशीदभाईंचा लेसरवर भरवसा नाही. ते जुने मिस्त्री, त्यांची पारदर्शक नळी पाण्याने भरलेली असते. नळीची दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. शाळेत आपण सगळेच शिकलो. एक टोक मी बैठकीत लाल रेघेला धरलं, दुसरं त्यांनी मागच्या खोलीत.

"भाऊ, तुमचं टोक हालवू नका ना."

"हलवलं नाही."

"मंग माह्याकडं पानी चार सूत खाली काऊन?"

नळीत बुडबुडा असेल म्हणून झटकून पुन्हा भरली. तेच. टोकांची अदलाबदल केली. तेच. दोन्ही टोकं बैठकीत धरली – पाणी बरोबर रेघेवर. दोन्ही मागच्या खोलीत – बरोबर. नळी भेग ओलांडून नेली की मात्र बैठकीकडचं पाणी वर आणि पलीकडचं चार सूत खाली. जणू पाणी पलीकडे जायला तयार नव्हतं.

"लेसर बिघडलं तुमचं," रशीदभाई म्हणाले.

"लेसर सोडा हो. नळीची दोन टोकं एकमेकांशीच जुळत नाहीत," साहेब म्हणाले. "नळी फेका तुमची."

"नळी फेकू? वीस वर्सांपासून हिच्यावर घरं उभी केली, साहेब. पानी झूठ नही बोलता."

मी दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून नवीन नळी आणली. तीही तेच सांगू लागली. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मोजण्यात तुमची चूक होत असेल." माझी! मला झोप येईना. घर खचण्याचं दुःख वेगळं. पण दोन्ही बाजूंनी तपासलेला ताळा जुळत नाही, हे जास्त सलत होतं.

मशीन आम्ही बैठकीत आणल्या. पोरींचे पाय भेगेत अडकू नयेत म्हणून वर सतरंजी टाकली. आठवड्याभराने गणपतराव आले. ऐंशीच्या आसपासचे, त्यांची नात क्लासला येते, तिला न्यायला. यापूर्वी ते कधी फाटकाच्या आत आले नव्हते.

"या ना मामा, तिकडं खुर्चीवर बसा. पंखा आहे," सुनंदा म्हणाली. खुर्ची मागच्या खोलीच्या दाराजवळ होती.

म्हातारा चालत आला आणि सतरंजीच्या मधोमध थांबला.

"नाई. इथंच बरा हाये."

"काऊन मामा?"

"इथून पुढं शाम्याचं वावर हाये. म्या नाई जात तिकडं."

मी जागेवरून उठलो. सतरंजीची कड उचलली. त्यांच्या अनवाणी पायाची बोटं भेगेपासून दोन बोटं अलीकडे होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय कळाचं? त्या खिडकीतून म्हसोबाचा दगड दिसते ना? अन इकून ती बाभूळ. दोहीच्या सरळ रेघेत धुरा होता आमचा. लेआउटवाल्यानं टॅक्टर फिरवला, पन धुरा काई जात नसते."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. शामराव त्यांचे धाकटे भाऊ. आमचा प्लॉट दोघांच्या वावरांवर अर्धा अर्धा पडला होता. वाटणीत विहीर गणपतरावांकडे गेली. एका दुष्काळात शामरावांची कपाशी वाळत होती, त्यांनी पाणी मागितलं. गणपतरावांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन धुऱ्यावर उभं राहून शपथ घेतली – या धुऱ्यापलीकडं पाण्याचा थेंब जाणार नाही. त्या दिवसापासून दोघं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. शामरावांच्या पोराच्या लग्नात गणपतराव गेले, अक्षता टाकल्या आणि कोरड्या घशाने परत आले.

मी इंजिनिअर साहेबांना पुन्हा फोन केला. ते खूश झाले. "मिळालं की कारण! एका बाजूला वर्षानुवर्षं ओलित, दुसरी कोरडवाहू. मातीची ओल वेगळी, फुगणं वेगळं. भेग बरोबर धुऱ्यावरच पडणार."

भेगेचं कारण पटलं. "आणि नळी?" मी विचारलं.

"नळीचं सोडा हो."

मला सोडवेना. धुऱ्याची रेघ पक्की करायची तर दोन्हीकडचा माणूस हवा, म्हणून मी शामरावांनाही बोलावलं. आणि इथे माझ्याकडून ती चूक झाली, जी गावात कोणीही केली नसती – दोघांनाही एकाच दिवशी, सकाळी दहाला.

गणपतराव पुढच्या दाराने आले. शामराव मागच्या दाराने – त्यांच्या वावराच्या बाजूने. भेगेच्या दोन्ही अंगांना दोघं उभे राहिले. रशीदभाई भिंतीवरची भेग छिन्नीने मोकळी करत होते, घरभर सिमेंटची धूळ. नळीची टोकं मी आधीच खिळ्यांना बांधून ठेवली होती, एक बैठकीत, एक मागच्या खोलीत. चार सूत फरक, नेहमीसारखा.

"याले सांगा," गणपतराव माझ्याकडे बघून म्हणाले, "धुऱ्यातली एक हात जागा माह्या बाजूची होती."

"त्याले सांगा," शामराव म्हणाले, "तो एक हातही त्यानंच कोरून खाल्ला."

"मला काय सांगता, दोघंही समोरच आहात!" मी म्हणालो.

"भाऊ, तुमी मधी पडू नका," रशीदभाई शिडीवरून कुजबुजले. "हे माहीत असतं तर म्या हेल्मेट घालून आलो असतो."

सुनंदा तांब्या आणि पेला घेऊन आली. तिने पेला भरून आधी मोठ्या भावाला दिला. गणपतरावांनी मान मागे करून वरूनच अर्धा पेला घशात ओतला, पेला भेगेच्या कडेला फरशीवर ठेवला. सुनंदा दुसरा पेला आणायला वळली, तेवढ्यात रशीदभाईंच्या छिन्नीने पोपडा सुटला आणि सगळी धूळ शामरावांच्या तोंडावर. म्हातारा खोकू लागला. थांबेना. डोळे लाल, हात चाचपडत... हाताला भेगेपलीकडचा भावाचा पेला लागला. उरलेलं पाणी त्यांनी एका दमात पिऊन टाकलं.

मग कळलं आपण काय केलं ते. पेला हातात तसाच. सुनंदाने तोंडावर पदर धरला.

गणपतरावांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, थेट भावाकडे बघून म्हणाले,

"उष्टं नाई ते. वरून पेलो म्या."

"हाव," शामराव म्हणाले. "दिसलं मले."

इतकंच. मिठ्या नाहीत, रडणं नाही. थोड्या वेळाने दोघं आपापल्या दाराने निघून गेले.

"भाऊ..." रशीदभाई शिडीवरून उतरून नळीजवळ उभे होते. "इकडं या. हात लावू नका कशाला."

मी बैठकीतलं टोक पाहिलं. मग मागच्या खोलीतलं. पाणी दोन्हीकडे लाल रेघेच्या खुणेवर होतं. एका सुताचाही फरक नाही. खिळे तिथेच, गाठी तशाच, जमिनीवर थेंब नाही. ते केव्हा सरकलं, कोणी पाहिलं नाही. आम्ही दोघं तिथेच बसलो, दुपारपर्यंत. पाणी हललं नाही. त्यानंतर मी अनेकदा मोजलं, दोन्ही नळ्यांनी. ताळा जुळतो.

खोली पाडली नाही. भेगेचं कारण कळल्यावर साहेबांनी साधा उपाय सांगितला – घराभोवती फरसबंदी, पाण्याला उतार, कडेला मुरूम, आणि भिंतीत भेगेच्या जागी सांधा मोकळा. पावसाळा गेला. भेग वाढली नाही. साहेब म्हणतात फरसबंदीचा गुण, आणि ते बरोबरच असतील. क्लास मागच्या खोलीत सुरू आहे. गणपतराव आता नातीला न्यायला येतात तेव्हा खुर्चीवर बसतात. पंखा लावायला सांगतात.

एक शंका मी सोडलेली नाही. भेगेचं कारण माती असेल, मान्य. पण नळीतलं पाणी मातीवर नव्हतं हो, ते तर नळीत होतं.

चार लाख ऐंशी हजारांऐवजी खर्च झाला एकसष्ट हजार नऊशे, साहेबांची फी धरून. रशीदभाईंचा हिशेब चुकता करताना ते उठेनात.

"अजून चारशे राह्यले, भाऊ."

"कशाचे?"

"अर्धा दिवस पानी पाहत बसलो ना तुमच्यासंग. त्याची मजुरी कोन देईन?"

मी दिले. हिशेबात ते कोणत्या सदरात दाखवायचे, मला अजून कळलेलं नाही.