शेगडीजवळ माणूस हवं

शेगडी पेटवायला मला आईने झोपून शिकवलं. ती मधल्या खोलीत खाटेवर, मी मागच्या पडवीत शेगडीपुढे, आणि मध्ये दार. तिला मी दिसत नव्हते. त्या उन्हाळ्यात पाण्याचा हंडा घेऊन येताना ती ओल्या पायरीवरून पडली आणि तिचा मणका गेला. कमरेखालचं अंग परत येणार नाही, असं डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं.

मी तेव्हा आठवीत होते, धाकटा भाऊ दुसरीत. पंचवटीत आडगाव नाक्याच्या अलीकडे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. अण्णा ओझरच्या विमान कारखान्यात कामाला. नाक्यावर कारखान्याची बस यायची. घरात पंपाचा स्टोव्ह होता, पण गल्लीतली एक सून स्टोव्हच्या भडक्यात भाजली, तेव्हापासून अण्णांनी तो माळ्यावर टाकला होता. गॅससाठी नंबर लावलेला होता. नंबर लावून ठेवायचा आणि विसरून जायचं, अशीच तेव्हा रीत होती. म्हणजे उरली शेगडी.

मला स्वयंपाकाची हौस होती असं कुणी समजू नये. मला शाळेत जायचं होतं. गणितात वर्गात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. अण्णा म्हणाले होते, "सकाळचं सगळं आवरून जमत असेल तर जा शाळेत." शाळा अकराची. तेव्हा शेगडी किती लवकर पेटते यावर माझं सगळं अडलेलं होतं.

आणि ती पेटेना. जुन्या बादलीला आतून माती लिंपून केलेली आमची शेगडी, मध्ये जाळी, खाली हवेसाठी तोंड. मी कोळशावर भरपूर रॉकेल ओतलं, काडी लावली, हातभर जाळ उठला आणि मला वाटलं, झालं. जाळ खाली बसला तर कोळसे होते तसे काळेच.

आतून आईचा आवाज आला, "रॉकेल लय ओतलंस. इथवर वास आला. ते रॉकेल जळलं, कोळसा नाय."

आई कळवणकडची, चिडली की तिचं माहेर बोलायचं. मी पुठ्ठ्याने जोरजोरात वारा घालायला लागले तर तीही चूक. "वरून काय घालतेस वारा? आरती करतेस का? खालच्या तोंडाशी घाल."

डोळे चोळत मी रडायचे आणि ती आतून सांगत राहायची. आधी गोवरीचा तुकडा, त्यावर बारीक कोळसा, मग मोठे तुकडे, पण दाबून नाही, हवा खेळली पाहिजे. रॉकेल गोवरीला नुसतं दाखवायचं. तिला काहीच दिसत नव्हतं, तरी कानाने सगळं कळायचं. कोळसा तडतडला की म्हणायची, "ओला दिलाय मेल्यानं, वखारीत पाणी मारतो." तडतड थांबून शेगडी गप्प झाली की म्हणायची, "आता फुलला बघ." आणि खरंच फुललेला असायचा.

पेटवणं जमल्यावर तिने पुढचं शिकवलं, आणि ते शिकवताना ती चेष्टा करत नसे. कोळशावर निळ्या ज्योती नाचतायत तोवर शेगडी आत आणायची नाही. निखारा लाल होऊन वर पांढरी राख धरली की मगच आणायची, आणि तरीही खिडकी उघडी ठेवायची. थंडी असो, पाऊस असो, उघडी म्हणजे उघडी. "कोळशाचा धूर दिसतो तेवढाच नसतो. न दिसणारा वाईट. झोप लागल्यासारखी लागते आणि माणूस उठत नाय." आणि सगळ्यात शेवटी, "पेटल्या शेगडीजवळ माणूस हवं. उठून खिडकी उघडेल असं माणूस." हे म्हणताना ती स्वतःबद्दल बोलत होती, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

म्हणून शाळेत जाताना शेगडी विझवणं आलं. पाणी ओतलं तर माती तडकते. चिमट्याने एकेक निखारा उचलून पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि झाकण घट्ट लावायचं. आत कोंडून निखारे विझतात आणि दुसऱ्या दिवशी लवकर पेटतात. झाकण बसलं की खणकन आवाज व्हायचा. तो ऐकला की आई आतून म्हणायची, "पळ आता." मी दप्तर उचलून पळायचे. दुपारी शेजारच्या मावशी आईला बघून जायच्या. सगळा पावसाळा आणि दिवाळी अशी गेली. नखांत काळं असायचं, पोरी हसायच्या, पण मी शाळेत होते.

मग थंडी आली. नाशिकची थंडी तेव्हा खरीच थंडी होती. आईच्या पाठीत गोळे यायचे. शेगडीवर फडकं गरम करून शेकलं की तिला बरं वाटायचं. मी घरी असेपर्यंत तिची पाठ सैल असायची. डबा खणकला की खोली गार व्हायला लागायची. ती कधी थांब म्हणाली नाही. "पळ आता" मात्र म्हणत राहिली, दातावर दात वाजत असताना.

एका आठवड्यात अण्णांची दुसरी पाळी होती, ते दुपारी निघायचे. गणिताच्या चाचणीच्या दिवशी ते मला म्हणाले, "आज तू लवकर जा. शेगडीचं मी बघतो." मला इतका आनंद झाला की मी शाळेपर्यंत धावतच गेले.

अण्णांनी आईची पाठ शेकली. तिला डोळा लागला. निघायच्या वेळी त्यांना वाटलं, दिवसभर ही कुडकुडते. त्यांनी शेगडीत नवा कोळसा भरला, ती तिच्या खाटेजवळ सरकवली, अंगावर वारा येतो म्हणून खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि बस पकडली.

अण्णा घरी आहेत म्हणून मावशी त्या दुपारी आल्या नव्हत्या. भाऊ शाळेतून आला तेव्हा आई हाका मारूनही उठेना. तो रडत मावशींकडे गेला. मावशींनी दार-खिडकी उघडली, गल्लीतल्या दोघांना बोलावलं आणि खाटेसकट आईला अंगणात उन्हात आणलं. मी घरी आले तेव्हा ती अंगणात होती. उलटीने लुगडं भिजलेलं, डोळे अर्धे मिटलेले, भोवती बायका. मला बघून तिने ओठ हलवले. मी वाकले.

"पेपर कसा गेला?" तिने विचारलं.

चांगला गेला होता. मी तिचं तोंड पुसलं.

पाळी संपवून आल्यावर अण्णांना कळलं. विमानाचे भाग केसाएवढाही फरक न पडू देता घासणारा माणूस तो. खाटेजवळ जमिनीवर बसले आणि "तिला थंडी वाजत होती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मला त्यांची दया आली आणि भयंकर रागही आला. पण त्यांना शेगडी कुणी शिकवली होती? ते माझं काम म्हणून आईने मला शिकवलं. घरात दोघींना जे ठाऊक होतं, ते त्यांना सांगावं असं दोघींनाही कधी सुचलं नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी मी शेगडी पेटवली, स्वयंपाक केला, आईला शेकलं, खिडकी उघडली आणि तिच्याजवळ बसले. शाळेची घंटा आमच्या घरी ऐकू यायची. ती झाली.

"डबा वाजला नाय," आई म्हणाली.

"नाही."

"जा गं. मला नाय वाजत थंडी."

"पेटल्या शेगडीजवळ माणूस हवं," मी म्हणाले. "तूच शिकवलंस."

तिने तोंड भिंतीकडे केलं. तेवढंच तिला करता येत होतं.

थंडी संपेपर्यंत, असं मी मनाशी म्हटलं होतं. थंडी संपली तर तिच्या पाठीला जखमा झाल्या, मग गरम पाणी सतत लागायला लागलं. वार्षिक परीक्षा आली आणि गेली. शाळेतल्या बाईंनी एकदा निरोप पाठवला, अण्णांनी "घरी अडचण आहे" असं सांगितलं. शाळा सोड असं मला कुणीच म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मी भांडले असते, हातपाय आपटले असते, अन्न टाकलं असतं. मी वाट बघत होते कुणी म्हणतंय का. सगळे माझ्याशी फार चांगले वागत होते.

मी शेगडीत तरबेज झाले. गल्लीतल्या नव्या सुना मला विचारायला यायच्या. भाऊ मोठा होत गेला. मी त्याच्या वहीतली गणितं शेगडीजवळ बसून सोडवायचे, पुढे पुढे तीही मला येईनाशी झाली. ते ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी पडवीत जाऊन रडले. आईने ऐकलं असणार. तिला सगळं ऐकू यायचं.

गॅसचा नंबर लागला तेव्हा भाऊ कॉलेजात होता. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने नळी जोडली, बटण फिरवून दाखवलं, आणि म्हणाला, "काम झालं की बंद करायचं आणि खुशाल बाहेर जायचं." भावाने लगेच चहा ठेवला, प्यायला, बटण बंद केलं आणि सायकल काढून गेला.

"विझला?" आईने आतून विचारलं.

"हो."

"एवढ्यात?"

तिने मला पुन्हा पेटवायला लावलं, पुन्हा बंद करायला लावलं. ती कान देऊन ऐकत होती. नंतर तिचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा.

"पळ आता."

मी चपला घातल्या. दार ओढून घेतलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले. डावीकडे शाळा होती, उजवीकडे नाका. शाळेत माझ्या वर्गातल्या एका मुलीची मुलगी बालवाडीत जात होती. नाक्यावरून बस कुठे कुठे जातात ते मला माहीत होतं, पण मला त्यातलं कुठेच काही काम नव्हतं. मी थोडी थांबले आणि परत आले.

"आलीस?" आई म्हणाली.

शेगडी पेटलेली नव्हती, तरी आत जाऊन मी आधी खिडकी उघडली.