गोमाजींची घडीची सायकल

वागळे इस्टेटमधली नोकरी संपल्यावर गोमाजींनी घडीची इलेक्ट्रिक सायकल घेतली. डोंबिवलीतल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि शेजाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. म्हणून रोज घडी घालून सायकल तिसऱ्या मजल्यावर न्यायची. पण मागे मंजुळाबाई बसल्या की पुलाच्या चढावर सायकल मान टाकायची आणि त्यांना उतरून चालावं लागायचं. बायको अशी भर रस्त्यात उतरायची, याचाच गोमाजींना संताप. त्यांनी दुप्पट मोठी बॅटरी बसवून घेतली. सायकल चढ आरामात चढू लागली, पण एवढी जड झाली की एकट्याला उचलेना. मग जिन्यात पुढून गोमाजी, मागून मंजुळाबाई. "अहो, जरा दमानं!" म्हणत त्या दुसऱ्या मजल्यावर टेकायच्या.

यंदा श्रावणात मंजुळाबाई गेल्या. शेजारचा मितेश सायकलला हात द्यायला आला, तर गोमाजी खेकसले, "राहू दे. ती बाजू तिची आहे."

शेवटी त्यांनी माळ्यावरची जुनी बॅटरी काढून परत बसवली. मागे बसणारं कोणी नव्हतं, एकट्याला ती पुरत होती.

सायकल एका हाताने उचलली गेली. तरी दुसऱ्या मजल्यावर त्यांनी ती खाली ठेवली, आणि मंजुळाबाईंना दम खायला लागायचा तेवढा वेळ थांबले.