शिडी माझी, नाव नानांचं

"घास ते," नाना म्हणाले.

वडवणीतल्या माझ्या वर्कशॉपच्या दारात त्यांची गाडी उभी होती. बरोबर पवनचक्की कंपनीचे दोन साहेब. स्थानिक कारखानदारांकडून माल घ्यायचा म्हणून पाहणीला आलेले. धारूरच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहतायत. त्यांच्या खांबांच्या आत चढायला लोखंडी शिड्या लागतात. त्या मी करते. पण कंपनीच्या लेखी त्या नानांच्या. नाना जमीनदार, पुढारी, आणि कंपनीचे ठेकेदार.

त्या खेपेला मी शिड्यांवर वर्कशॉपचं नाव ठोकलं होतं. वर्कशॉपला आईचं नाव दिलंय. एका साहेबानं ते वाचलं आणि हे कोण म्हणून विचारलं.

नाना हसले. "आमचीच बाई हाय. हिचे मायबाप आमच्या टोळीत ऊस तोडायचे. कोयता सुटला, आता नावं टाकाय लागली."

साहेबही हसले. मग नानांनी मला ते नाव घासून काढायला सांगितलं. सगळ्यांसमोर.

मी ग्राइंडर उचलला. जागा नानांची. विजेचं मीटर त्यांच्या नावावर. डोंगरावर जाणारा रस्ता त्यांच्या रानातून. मी कुठं जाणार होते? डोळ्यांवर काळा चष्मा होता, तेवढं बरं. आईच्या नावाचं एकेक अक्षर ठिणग्या होऊन उडालं. माझे कारागीर माना खाली घालून उभे. वरून नानांनी साहेबांसाठी चहा आणायला पाठवलं. आणला.

घरी जेवण जाईना. आईनं विचारलं, "कावून जेवत न्हाईस?" सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"उसाच्या फडात मी जन्म घालवला," ती म्हणाली. "पर नाव तुझ्या बापाचं न्हाईतर मुकादमाचं. मला वाटलं, तू तरी सुटलीस."

नानांच्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

पुढं कंपनीनं बीडला लहान कारखानदारांची बैठक घेतली. नानांनी मला फोटोपुरतं नेलं. स्टेजवरच्या साहेबानं विचारलं, शिड्या कोण बनवतं? नाना उठले. मीही उठले.

"शिड्या मी करते. नाना नुसत्या पोचवतात. काम मला थेट द्या."

नाना हळू आवाजात बोलले, "खाली बस. जागा कुणाची हाय, इसरू नको."

मी बसले नाही. साहेब म्हणाला, बघू.

आठवडा गेला नाही तोच वीज तुटली. मग जागा गेली. एक कारागीर नानांकडं गेला. त्यालाही घर चालवायचंय, मी अडवलं नाही. आता मशीन आईच्या पत्र्याखाली आहे. खिडक्यांचे गज करते, फाटकं करते. कंपनीच्या हापिसात गेले की विचारतात, नानांची शिफारस आहे का. सगळ्या वाटा फिरून त्यांच्याच दारात जातात.

परवा नानांनी माणूस धाडला. जागा मोकळी आहे, झालं गेलं सोड, ये म्हणाले.

मी नाही म्हणून सांगितलं.

आष्टीत एकजण बोल्ट करतो, धारूरला एकजण पत्रा कापतो. दोघांचा माल दुसऱ्याच्या नावानं डोंगरावर जातो. उद्या मी आष्टीची गाडी धरणार. ते दोघं आले तर तिघं मिळून कंपनीच्या दारात बसू. नाही आले तर एकटी बसेन. पण नानांसाठी वेल्डिंगचा एक टाकाही आता माझ्या हातून पडणार नाही.