सगळ्यांत शेवटी चढणारे भाऊजी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होते. वाशीमला कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सकाळी वकिलांचे कारकून माझ्याआधीच दारात हजर असतात. फोनवर प्रशांत होता, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. "मावशी, बाबा गेले," एवढंच बोलला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी विचारलं, "कोणत्या स्टेशनवर?" मग तो हळू म्हणाला, "स्टेशनवर नाई मावशी, घरीच. चहा घेऊन खाटेवर पडले होते... उठलेच नाई." मी तिथेच पायरीवर बसले. कारकून एकमेकांकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी भाऊजींच्या ज्या मरणाला भीत होते ते आलंच नव्हतं. आलं ते भलतंच, आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं.

आता काही आठवडे झालेत. त्या दिवशी मी असं वेड्यासारखं का विचारलं, ते सांगायचं तर भाऊजींच्या रेल्वेपासूनच सुरुवात करावी लागेल. गजाननभाऊजी धनजचे. थोडी शेती आणि संत्र्याची कलमं बांधण्यात हात बसलेला. ओल्या पोत्यात गुंडाळलेले कलमांचे भारे सायकलला बांधून ते कारंज्याला यायचे आणि तिथून छोट्या गाडीनं कधी दारव्ह्याकडे, कधी मूर्तिजापूरकडे न्यायचे. एसटीत झटके बसून कलमांची मुळं सुटतात, या गाडीत लेकरासारखी झोपून जातात, असं त्यांचं म्हणणं. ती गाडी आता पोरांना सांगितली तर त्यांना थट्टा वाटते. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर, मोजके डबे. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनपर्यंत न्यायला ती टाकली, पुढे कापसापेक्षा माणसंच जास्त वाहत राहिली. आधी कोळशाचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं, पण वेग तोच राहिला, सायकलवाल्यालाही कमीपणा वाटू नये असा. फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि मागून येऊन चढायचा. कुणाची लेक सासरी निघालेली असायची, घरून पाय निघायचा नाही, तेव्हा पुढे जाणाऱ्या कुणाच्याही हाती निरोप धाडायचे, "गाडीले सांगजो, आमी येऊन राह्यलो." आणि गाडीला खरंच सांगितलं जायचं.

सांगायचे कोण, तर बहुतेक वेळा भाऊजी. ते कधीच आधी चढत नसत. कलमांचा भारा आत टाकायचे, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, हात दांड्याला आणि नजर रस्त्याकडे. "थांबा हो, एक बाई दिसून राह्यली," असं ते म्हणाले की गार्ड झेंडी खाली घ्यायचा. पुढे पुढे तर गार्डच त्यांना विचारायला लागला, "गजाननभाऊ, झाले काय सगळे?" भाऊजी पाय वर घेत आणि गाडी सुटे. हे त्यांचं काम आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते ताईच्या लग्नानंतर. आमचं माहेर मूर्तिजापूरचं. ताईला भेटून मी आणि बाबा परत निघालो होतो. मी तेव्हा शाळेत, आणि जात्याच घाबरट. कारंज्याच्या स्टेशनवर मला डब्यात बसवून बाबा पान आणायला जे गेले ते गेलेच. इंजिनानं शिटी दिली. रडू आवरेना. खिडकीतून बघते तर नवे जावई एक पाय खाली टेकवून उभे, जसं काही गाडी त्यांनीच धरून ठेवली आहे. मला म्हणाले, "रडतं काहून वं साळीबाई? तुह्या बापाले घेतल्याबिगर गाडी जात नाई. जाईन कशी, माहा पाय खाली हाय ना." बाबा तोंडात पान धरून निवांत आले तेव्हाच तो पाय उचलला. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात, आणि साळीचं नि भाटव्यांचं नातं थट्टेचंच. पण त्या दिवसापासून या माणसावर माझा जीव जडला, हे सांगायला मला कसली लाज?

पुढे माझं लग्न वाशीमला झालं. इथे तेव्हा मीटरगेज होती. तीही छोटीच, पण कारंज्याच्या मानानं पाटलीण. मग ते रूळ उखडले, रुंद रूळ पडले, ब्रॉडगेज आली, लांबच लांब गाड्या आल्या. अलीकडे वरून तारा ओढल्या आणि विजेची इंजिनं धावू लागली. आम्ही वाशीमकर खूश होतो आणि का नसावं? हैदराबादेला एका बैठकीत जाता येऊ लागलं. तिकडे कारंज्याची गाडी मात्र बंद पडली. आज सुरू होणार, उद्या रुंद होणार, असं ऐकत ऐकत रुळांमध्ये बाभळी वाढल्या. भाऊजी कलमं टेम्पोनं पाठवू लागले. गाडीबद्दल फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "टेम्पोवाला कोनासाठी थांबत नाई वं." मी हसून सोडून दिलं.

मग ताईच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. एक डोळा बराच गेलेला, दुसरा वाचवायचा होता. हैदराबादच्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. धनजहून दोघं वाशीमला माझ्याकडे यायची, मी स्टेशनवर पोचवायची. पहिल्याच वेळी जिवावर बेतलं होतं. मी डब्यात चढून ताईला जागेवर बसवलं, खाली उतरले, आणि बघते तर भाऊजी त्यांच्या जुन्या थाटात. एक पाय पायरीवर, एक फलाटावर, नजर पुलाच्या जिन्याकडे. जिन्यावरून एक म्हातारा दोन पिशव्या घेऊन उतरत होता. छोटी गाडी सुटताना शिटी द्यायची, धक्का द्यायची, कुरकुरायची. या मोठ्या गाडीची शिटी पुढे लांब इंजिनाशीच राहते, धक्का तर नाहीच. ती नुसती चालायला लागते. भाऊजींचा खालचा पाय फलाटावरून ओढला जायला लागला तेव्हा त्यांना कळलं. ते एका पायावर उड्या मारत गाडीबरोबर जात होते, आणि फलाट आणि डबा यांच्यामधली ती काळी फट मला दिसत होती. दारातल्या एका तरण्या पोरानं बखोट धरून त्यांना आत ओढलं. ताई आत बसली होती, तिला काहीच कळलं नाही. रात्री फोन केला तर भाऊजी मलाच म्हणतात, "तो बुढा राह्यला ना वं तिकडंच."

तेव्हापासून माझी झोप उडाली. ते प्रवासात असले की फोन वाजला तरी मी हातातलं काम टाकून धावायची. ताईला सांगून बघितलं, ती म्हणे, "मी काय करू बाई, मले तं दिसतही नाई ते कुठी उभे हायेत ते. ते येऊन बसले की मले समजते, सगळे चढले, गाडी सुटली." प्रशांतनं सांगून बघितलं. मी भांडून बघितलं. "तुमाले काय रेल्वेनं ठेका देला काय? पडले खाली तं माह्या बहिनीनं कोनाकडं पाहाचं?" भाऊजी ऐकून घ्यायचे, सुपारी कातरायचे आणि पुढच्या स्टेशनवर पुन्हा खाली. शेवटी मी त्यांना माझ्या गळ्याची शपथ घातली. गाडी हलली की चढायचं नाही, काही झालं तरी नाही. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, जिंकले.

आणि त्याच शपथेनं मला आयुष्यातला सगळ्यांत वाईट तास दाखवला. ताईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोघं परत येत होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धूसर दिसणारं. मी दुकानात होते. भाऊजींचा फोन आला. "शोभा, तू स्टेशनवर जाय बरं. तुही ताई एकटीच येऊन राह्यली."

"एकटी? आन् तुमी कुठी?"

"मी हिंगोलीलेच राह्यलो. एक बाळंतीन पोरगी व्हती, तिची माय व्हती, सामान व्हतं. त्यायले चढवलं आन् गाडी हालली. तू शपथ घातली व्हती ना... मंग नाई चढलो."

डब्याचा नंबर तेवढा विचारला आणि दुकान तसंच उघडं टाकून ऑटोत बसले. हिंगोली इथून फार लांब नाही. वाटेत एकच विचार डोक्यात फिरत होता. ताईला माहीतच नाही. ती शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून बसली असेल, ते येतील म्हणून. वाशीम आलं तरी बसूनच राहील, कारण त्यांच्याशिवाय ती कधी उठलेली नाही. गाडी थांबणार ती जेमतेम दोन मिनिटं. डब्याला दोन दारं, आत गर्दी, तिच्याकडे फोन नाही. मी तिला शोधायला चढले आणि गाडी सुटली तर? नाही चढले आणि ती पुढे अकोल्याला गेली तर? घाबरून उठली आणि चुकून पलीकडच्या दारानं रुळांवर उतरली तर? देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. मी भाऊजींना शिव्या देत होते, मोठ्यानं, ऑटोवाला आरशातून बघत होता.

गाडी आली. डबे समोरून सरकत गेले, ताईचा डबा पुढे निघून थांबला. मी पळत सुटले. चप्पल तुटली ती तिथेच सोडली. आणि त्या डब्याच्या दारात बघते तर एक नऊवारीतली बाई, एक पाय पायरीवर, एक फलाटावर, हात दांड्याला घट्ट. तिच्या मागे दोघंजण माझ्या ताईला धरून खाली उतरवत होते, तिसऱ्याच्या हातात पिशवी, जेवणाचा डबा, डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली. ताईचा पाय फलाटाला टेकेपर्यंत त्या बाईनं आपला पाय हलवला नाही. मग मला न्याहाळून म्हणाली, "तुमीच काय त्यायच्या साळी? भाऊ गाडीसंगं धावत सांगत आले, माह्या बायकोच्या डोयाले पट्टी हाय, तिले वाशीमले उतरवा. म्हने तिथी एक बाई रडत उभी राहीन, तिच्याच हाती द्या." मी खरंच रडत होते. गाडी, ती कधी हलली कळलंही नाही, निघून गेली.

म्हणजे धावत ते होतेच. दांडा हाताशी होता. पण जेवढा दम होता तेवढा त्यांनी निरोप सांगण्यात घालवला. दिवेलागणीला एसटीनं आले, धुळीनं माखलेले, उपाशी. मी तासभर बोलले, तोंडाला येईल ते बोलले. ताई कोपऱ्यात बसून हसत होती. मी थकल्यावर भाऊजींनी ताट जवळ ओढलं आणि म्हणाले, "मंग? उतरली ना बराबर?" त्या रात्री मी माझी शपथ मागे घेतली. चढले तरी भीती, मागे राहिले तरी भीती, निदान माझ्या शपथेपायी तरी काही नको.

पुढे वर्षानुवर्षं ते असंच जा-ये करत राहिले. मी असंच फोनकडे बघत राहिले. आता फोन वाजला तरी मी हातातलं काम संपवूनच उचलते, आणि ते मला सहन होत नाही. भीती होती तोवर भाऊजी होते.

तेरावं झालं आणि ताईची हैदराबादची तारीख आली. सोबत मीच गेले. माझी पद्धत तुम्हाला कळलीच असेल. गाडी यायच्या कितीतरी आधी फलाटावर, आली की ताईला पुढे घालून मी मागून, जागेवर बसेपर्यंत कुणाकडे बघायचं नाही. ताई खिडकीशी बसली. शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली, मी समोर बसले. गाडी कधी चालू झाली तिला कळलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सुटली काय वं?"

"सुटली."

मग म्हणाली, "सगळे चढले काय?"

मला काय माहीत? मी कधी मागे वळून बघितलंय? पण मी उठले, दारापर्यंत गेले. फलाट मागे जात होता. जिन्याच्या पायथ्याशी एक माणूस खांद्यावर पिशवी घेऊन उभा होता. तो धावत नव्हता, हात करत नव्हता, जाणाऱ्या गाडीकडे नुसता बघत होता. दिसेनासा होईपर्यंत मी दांडा धरून उभी राहिले. मग आत आले.

"चढले ना?" ताईनं विचारलं.

"चढले," मी म्हटलं.

ताईनं शेजारच्या जागेवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.