दादासाठी राखलेलं धान

अठ्ठेचाळीस साली दादाची पलटण काश्मीरच्या लढाईवर गेली आणि नगरच्या छावणीत नेपाळी शिपाई आले. वडील चावडीवरून ऐकून यायचे. "नेपाळनं आपल्या मदतीला फौज धाडलीय. ते हितं पहारा देनार, म्हंजे आपली पोरं लढायला मोकळी." आई भांडी आपटायची. "मंग लढायला त्यास्नीच धाडायचं की! माझाच बरा घावला!"

दादाची काही खबर नव्हती.

आमचं घर भिंगारला, दारात दोन म्हशी. एक नेपाळी हवालदार रोज दुधाला यायचा. बुटका, गोरापान, हसला की डोळे गायब. आईला 'आमा' म्हणायचा, त्यांच्या भाषेत आई. आई माप ओतायची, पण मान वर करायची नाही. मला अस्सा राग यायचा तिचा! त्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलं होतं हिचं?

नवरात्रात त्याला ओसरीवरून आमचा घट दिसला आणि गडी नाचायचाच बाकी राहिला. त्यांच्याकडंही असंच धान पेरतात, दसऱ्याला घरातलं वडीलधारं माणूस टिळा लावून ते कानावर खोवतं, असं त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. आईनं नुसतं "हं" केलं. घटाचं पिवळंधमक धान तिनं दादासाठी राखलं होतं.

दसऱ्याला सकाळीच स्वारी हजर, कडक इस्त्रीत. "आमा, चावल के लिए दही." आई आत गेली ती दहीभात घेऊन आली, वर लिंबाचं लोणचं! तो थाळीकडं बघतच राहिला. मग खिशातून कोरे तांदूळ आणि कुंकू काढून कपाळाला हात लावून दाखवला. मला हसू आवरेना. मी वाटीत दही आणलं, त्यानं त्यात सगळं कालवलं, आणि टोपी काढून आईपुढं गुडघ्यावर बसला.

आई थबकली. "तुजी आई हाय का रं?"

"है, आमा. राह देखती होगी."

आईनं त्याचं कपाळ भरून टाकलं. मग आत जाऊन दादाचं धान आणलं आणि त्याच्या कानावर खोवलं. "लई मोठा हो, बाळा," म्हणाली. तो दहीभातही त्यानं चाटूनपुसून खाल्ला, लोणच्यासकट.

थंडीत दादा सुखरूप घरी आला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवत पहिलं काय विचारलं असेल? "दसऱ्याला तुला टिळा लावला का रं कुनी?"

"न्हाई गं. खंदकात कुठला आलाय दसरा!"

आईला रडूच फुटलं. "मी तर लावला की रं दुसरीच्या लेकाला. तिकडं एकीलाबी सुचलं न्हाई व्हय?"